गोड करून सांगायचं न्हाई

शोकसभेत तिघाचौघांनी इंदूअक्कांना 'क्षमाशील' म्हटलं. मी मागच्या रांगेत होतो. शेजारी अक्कांची जुनी विद्यार्थिनी महानंदा बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं, आणि दोघांनीही खाली मान घालून हसू दाबलं. क्षमाशील! अहो, अक्कांनी जन्मात कुणाला क्षमा केली असेल तर ती चुकून, आणि चूक लक्षात आल्यावर परतसुद्धा घेतली असेल. माणूस गेला की त्याच्यावर साखर भुरभुरायची खोड आपल्याला आहेच. पण ज्या बाईनं हयातभर "जे बोललं तेच सांगायचं, गोड करायचं न्हाई, तिखट करायचं न्हाई" असं पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं, तिच्याच फोटोपुढं उभं राहून इतकं गोड बोलायचं म्हणजे कमाल झाली. म्हणून मी लिहायला बसलो आहे. मी ग्रंथपाल माणूस, मला भाषण जमत नाही. पण डूख धरणं मी अक्कांकडूनच शिकलो आहे.

प्रा. इंदुमती बिरादार. बीदरला नौबादकडं आमचं पदवी कॉलेज आहे, तिथला मराठी विभाग म्हणजे त्या एकट्याच. मूळच्या कमठाण्याच्या, शिक्षण उदगीरला. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र असा की मैदानावर कवायत चालली असली तरी वर्गातल्या मागच्या बाकाला कळावं. पायात कायम कोल्हापुरी, ती वाजली की व्हरांड्यातली पोरं आपोआप भिंतीला लागायची. मराठी तर होतीच, पण कन्नड अशी बोलायच्या की कन्नड विभागाचे लोक चपापून वाक्य दुरुस्त करायचे. भाजीवाल्याशी दखनी उर्दूत हुज्जत, औरादकडून आलेल्या पालकांशी तेलुगूत चौकशी. मी त्यांच्यापेक्षा वयानं लहान, तरी मला "अण्णा" म्हणायच्या. काम सांगायचं असलं की तो "अण्णा" जरा लांबायचा.

त्यांच्या रागाची जातच वेगळी होती. आपल्यासारखा भडकून विझणारा राग नव्हे. अक्का ओरडायच्या नाहीत. त्या नुसत्या "बरं" म्हणायच्या. ते "बरं" ऐकलं की समजायचं, कुणाचे तरी शंभर भरले.

त्यांच्या डब्यात रोज शेंगाची चटणी असायची. स्टाफरूममध्ये डबा उघडला की ती वाटी टेबलाभर फिरायची आणि रिकामी होऊन परत यायची. एकदा इतिहासाचे एक सर चटणी बोटानं चाटता चाटता म्हणाले, "मॅडम, तुमची चटणी आहे म्हणून मराठी विभाग चालू आहे. नाहीतर मराठीला आता कोण विचारतंय?" सगळे हसले. अक्काही हसल्या आणि म्हणाल्या, "बरं." दुसऱ्या दिवसापासून वाटी त्या सरांपाशी आली की अक्का हात लांब करून ती उचलायच्या आणि पलीकडच्याला द्यायच्या. बोलणं चालू, हसणं चालू, नमस्कार चालू, चटणी बंद. वर्षानुवर्षं हे चाललं. सरांनी मधे एकदा माफीही मागून बघितली. अक्का म्हणाल्या, "कशाची माफी? काय झालंय?" शेवटी सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात सगळ्यांनी शाली दिल्या, अक्कांनी चटणीची मोठी बरणी त्यांच्या हातात दिली आणि माईकवर सांगितलं, "घ्या सर. आता तुम्ही जायलात, आता काही हरकत न्हाई." सरांना बिचाऱ्यांना बरणी धरून पुढचा फोटो काढावा लागला.

दुसरी गोष्ट बसच्या कंडक्टरची. कमठाण्याची एक म्हातारी, कन्नड येत नव्हती म्हणून तिला थांबा कळला नाही. तिनं मराठीत विचारलं तर कंडक्टरनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तिला लांब पुढं उतरवलं. अक्कांना हे कळलं. त्या दुसऱ्या दिवशी त्याच बसनं निघाल्या, तिकीट काढलं, पुढच्या सीटवर बसल्या, आणि प्रत्येक थांब्याला उभं राहून खणखणीत आवाजात थांब्याचं नाव आधी कन्नडमध्ये, मग मराठीत, मग दखनीत पुकारायला लागल्या. लोक हसून बेजार. कंडक्टर म्हणाला, "अक्का, बसा हो खाली." अक्का म्हणाल्या, "मी बसते की. तू पुकार." जोवर तो पुकारत नव्हता तोवर त्या रोज त्याच बसनं येत राहिल्या. कंडक्टर शेवटी स्वतःच पुकारायला लागला, आणि अशी सवय लागली की अक्का बसमध्ये नसल्या तरी पुकारायचा.

या सगळ्या चेष्टेच्या गोष्टी. खरा डूख एकच होता, आणि तो त्यांनी मला एकदाच सांगितला. त्या उदगीरला शिकत असताना त्यांची आई आजारी पडली. गावातला नात्यातला एक माणूस तिला दवाखान्यात घेऊन गेला, कारण त्याला कन्नड येत होतं. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज कलबुर्गीला न्या. बाई घाबरेल म्हणून या माणसानं मराठीत सांगितलं, "एकदा सवडीनं कलबुर्गीला जाऊन या म्हणायलेत." घरच्यांनी सवड काढली. आईला कलबुर्गी दिसलीच नाही.

"मन मोठं होतं त्याचं," अक्का म्हणाल्या. "त्याला वाईट वाटलं म्हणून त्यानं गोड करून सांगितलं. अजून दर दिवाळीला त्याच्या घरून फराळ येतो, अण्णा. मी दर दिवाळीला परत पाठवते. ताटावरचा रुमाल सुद्धा उचलत न्हाई."

आता बॅजची गोष्ट. वरून फर्मान आलं की कॉलेजांनी पदवीबरोबर डिजिटल बॅज द्यायचे. हा बॅज म्हणजे खिशाला टाचायचा बिल्ला नव्हे. फोनवर एक गोल चित्र येतं. त्यावर बोट ठेवलं की उघडतं: बॅज कुणी दिला, कुणाला दिला, काय करून दाखवल्यावर दिला, आणि त्याचा पुरावा काय. जगात कुणीही, कुठूनही उघडून बघावं. नोकरी देणाऱ्याला गुणपत्रिकेतल्या आकड्यांवरून जे कळत नाही ते यातून कळावं, अशी मूळ कल्पना. कल्पना वाईट नव्हती हो. आपल्याकडं कल्पना कधीच वाईट नसते.

या योजनेचे समन्वयक झाले वाणिज्य विभागाचे डॉ. बी. व्ही. मोरे. अंगावर कडक इस्त्री, बोलणं इंग्रजीत, फार तर पुस्तकी कन्नडमध्ये. बॅज कक्ष पाहिजे म्हणून त्यांनी माझी वाचनाची खोली घेतली. टेबलं व्हरांड्यात काढली, वर्तमानपत्रं जिन्याखाली गेली. म्हणून या माणसाबद्दल मी निःपक्षपाती लिहीन अशी कुणी अपेक्षा करू नये. बी. व्ही. म्हणजे बालाजी विठ्ठल, गाव ठाणाकुशनूर, घरात मराठीशिवाय दुसरी भाषा नाही. हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं आणि सगळं कॉलेज ठाऊक नसल्याचं सोंग करत होतं, कारण सर स्वतः तसं सोंग करत होते. कुणी मराठीत बोललं की ते कपाळाला आठी घालून म्हणायचे, "पार्डन?"

बाकीच्या विभागांनी संगणकाचे, भाषणकौशल्याचे बॅज काढले. अक्कांनी काढला दुभाष्याचा बॅज. मोठ्या सरकारी दवाखान्यात रोज खेड्यापाड्यांतून माणसं येतात. कुणाला नुसती मराठी येते, कुणाला नुसती तेलुगू. डॉक्टर बंगळूर-म्हैसूरकडचे. डॉक्टर बोलतात, माणूस "व्हय, व्हय" म्हणतो, कारण कळलं नाही म्हणायची लाज वाटते. तर पोरांनी तिथं जाऊन दुभाषी व्हायचं. अक्कांनी अटी लिहिल्या. परीक्षकानं दोन्ही बाजूंचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय बॅज नाही, आणि ती नोंद म्हणजेच पुरावा. बोललं तेच सांगायचं. आणि बॅज मिळाला की नाव आणि फोन नंबर दवाखान्याच्या फलकावर लागणार. फोन आला की उचलावा लागेल, बोलावलं की जावं लागेल. हे सगळं त्यांनी मराठीत लिहिलं. मी म्हटलं, इंग्रजीतही द्या. म्हणाल्या, "मराठी विभागाचा बॅज हाय."

तो कागद सहीसाठी बी. व्हीं.कडं गेला तेव्हा मी तिथंच होतो, माझ्याच जुन्या खोलीत, पाहुण्यासारखा. सरांनी कागद हातात धरला. वाचावा तर मराठी येतं हे चारचौघांत कबूल होतंय. न वाचावा तर कशावर सही करतोय ते कळत नाही. त्यांचे डोळे एकदा ओळीवरून घसरले, मग त्यांनी ते झटकन वर उचलले. कन्नडमध्ये म्हणाले, "मॅडम, मला ही लिपी... थोडक्यात सांगा ना."

"थोडक्यात म्हणजे, जबाबदारी," अक्का म्हणाल्या.

सरांनी ऐटीत सही ठोकली.

हा बॅज सगळ्यांत पहिला मिळवला महानंदानं. औरादकडची पोरगी, आईचं माहेर तेलुगू, बाप मराठी, शाळा कन्नड, शेजार दखनी. तिला अक्कांनी दोनदा नापास केलं होतं. एकदा तिनं एका बाईला "काळजी करू नका" एवढं पदरचं घातलं म्हणून. तिसऱ्यांदा पास झाली. दवाखान्यात मदत कक्ष निघणार होता, तिथं एक पगारी जागा होती, आणि मोठ्या डॉक्टरांनी अक्कांना सांगितलं होतं की ज्याच्याकडं हा बॅज असेल त्याचा आधी विचार करू. महानंदासाठी ती जागा म्हणजे सगळं काही होतं. घरी ठरलं होतं की शिक्षण संपलं की पोरीनं हैदराबादला भावाकडं जायचं आणि त्याची लेकरं सांभाळायची. "नोकरी लागली तर ऱ्हा म्हणायलेत," ती मला म्हणाली होती. "न्हाई लागली तर जून महिन्यात गाडीत बसवणार."

आणि मग मूल्यमापन समिती येणार म्हणून पत्र आलं. समितीला किती बॅज दिले त्याचा आकडा दाखवायचा होता. बी. व्हीं.ना आकडा छोटा वाटला. त्यांनी एका दुपारी, कुणाला न विचारता, शेवटच्या वर्षाच्या झाडून सगळ्या पोरांना आणि सगळ्या प्राध्यापकांना, स्वतःसकट, अक्कांचा दुभाष्याचा बॅज वाटून टाकला. पंगतीत भात वाढावा तसा. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये लोक फोन काढून एकमेकांना गोल चित्र दाखवत होते. ज्यांना शेजारणीशी दोन भाषांत बोलता येत नाही ते दुभाषी झाले होते.

पुढचं आठवलं की माझं डोकं अजून तापतं. कॉलेजनं तो आकडा मोठ्या ऐटीत दवाखान्याला कळवला. दवाखान्यानं साधा हिशेब केला: एवढे दुभाषी फुकटात आहेत तर पगारी माणूस कशाला? जागा रद्द.

महानंदा ग्रंथालयात येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "अण्णा, माझा बॅज आन त्यांचा बॅज सारखाच दिसायलाय की. कामून शिकले मी?" अक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. आता तरी ओरडतील, प्राचार्यांच्या टेबलावर कागद आपटतील असं वाटलं.

अक्का म्हणाल्या, "बरं."

मग त्यांनी काय केलं? काही नाही. आपली अट पाळली. पोरांचे फुकटचे बॅज त्यांनी विभागाच्या अधिकारात रद्द केले आणि पोरांना सांगितलं, या, शिका, परत घ्या. प्राध्यापकांच्या बॅजला मात्र हात लावला नाही. उलट त्यांची नावं आणि नंबर अटीप्रमाणं दवाखान्याला दिले. फलक मोठा होता, मोक्याच्या जागी होता, केसपेपरच्या खिडकीशेजारी. "गुरुजन आहेत, आधी त्यांचा मान," अक्का म्हणाल्या.

आणि फोन वाजायला लागले. हातात घास असताना, वर्गात, देवळात. "सर, बोर्डावर नाव हाय तुमचं. डॉक्टर कायतरी म्हणायलेत, जरा सांगा की." प्राचार्यांनी फोन बायकोकडं दिला. बाकीच्यांनी दवाखान्याचा नंबर बंद करून टाकला. बी. व्हीं.ना ते शक्य नव्हतं. समन्वयक तेच, सही त्यांचीच, आणि त्यांनी एकदा फोन कापला तेव्हा मोठ्या डॉक्टरांचं पत्र थेट संस्थेकडं गेलं. सर स्टाफरूमच्या कोपऱ्यात उभे राहून म्हाताऱ्याकोताऱ्यांशी पुस्तकी कन्नडमध्ये बोलायचे आणि पलीकडून आवाज यायचा, "अवं, मराठीत बोला की!" खाई त्याला खवखवे. मी जिन्याखाली वर्तमानपत्रं लावता लावता हे ऐकायचो, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

एक दिवस ते अक्कांकडं आले. "मॅडम, माझं नाव तेवढं फलकावरून काढा."

"नाव काढायचं तर बॅज परत करा."

बॅज परत करता येत नव्हता. तो त्यांच्या बढतीच्या अर्जात लागला होता.

"मग उचला फोन," अक्का म्हणाल्या.

समिती आली. अध्यक्ष बाई धारवाडकडच्या, शांत, नीट बघणाऱ्या. सभागृहात पडद्यावर बी. व्ही. रंगीत चित्रं दाखवत होते. बाई म्हणाल्या, नमुन्यादाखल एक बॅज उघडून दाखवा. सरांनी मोठेपणानं स्वतःचाच दाखवला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत मराठी अटी आल्या आणि तळाशी पुराव्याचा रकाना, रिकामा. बाईंनी विचारलं, "हे काय लिहिलंय? तुम्ही दुभाषी आहात ना, वाचून सांगा."

सर घाईघाईनं पुढचं चित्र शोधायला लागले. अक्का उठल्या आणि त्या सुरेख कन्नडमध्ये म्हणाल्या, "वाचून कशाला? करूनच दाखवतील की. आत्ता दवाखान्याची वेळ आहे. लावा फोन."

बाईंना कल्पना आवडली. फोन लागला, आवाज सभागृहात मोठा केला. पलीकडं दुभाषी म्हणून गेलेली महानंदा होती. तिनं तिथं आलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातात फोन दिला. इतक्या माणसांत नेमका ठाणाकुशनूरचाच म्हातारा त्या वेळी तिथं कसा उभा होता, हे मी अक्कांना नंतर बऱ्याच वेळा विचारलं. त्या नुसत्या चष्मा पुसायच्या.

डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाले, उद्या सकाळी रक्त तपासायचं आहे, काही न खाता या. बी. व्हीं.नी परक्यानं बोलावं तशी मोडकी मराठी काढली. "उद्या... प्रातःकाळी... भोजन वर्ज्य आहे."

"आँ?" म्हातारा म्हणाला. मग थोडं थांबून, "आवाज वळखीचा वाटायलाय. कोण बोलायलंय? इठ्ठलचा बालाजी न्हवं का तू? आरं, मी गणपतकाका! असं पावण्यावानी कामून बोलायलास रे?"

सभागृहात कुणीतरी फसकन हसलं, मग सगळेच. सर माईक धरून उभे. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरची ती सगळी इस्त्री मोडली. आणि त्यांच्या तोंडून जी भाषा निघाली ती आम्ही कुणी कधी ऐकली नव्हती.

"व्हय काका, मीच हाय. उद्या सकाळी रगत तपासायचंय. काई खाऊ नका, च्या बी पिऊ नका. निस्त्या पोटी या. समजलं का?"

"समजलं की! मग आधीच असं सांगायचं न्हाई व्हय?"

पितळ असं उघडं पडलं. समितीनं ती सगळी खिरापत रद्द करायला लावली आणि समन्वयकपद गेलं. माझी खोली मला परत मिळाली. टेबलं आत घेताना मी मुद्दाम जोरात ओढली. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तर हात जोडले, म्हणाले, "तुमचे प्राध्यापक आवरा, ती पोरगी द्या." जागा पुन्हा निघाली, महानंदा मदत कक्षात बसली. जून महिन्यात हैदराबादची गाडी तिच्याशिवाय गेली.

इथं कुणीही दुसरं असतं तर थांबलं असतं. अक्का थांबल्या नाहीत. खिरापत रद्द झाली तरी एक बॅज त्यांनी हट्टानं ठेवला, बी. व्हीं.चा. "राहू दे," त्या मला म्हणाल्या, "त्यांनी अर्जाला जोडलाय न्हवं? कुणी उघडून बघितला तर दिसू दे." जो उघडेल त्याला नाव दिसायचं, अटी दिसायच्या, आणि खाली रिकामा रकाना. फलकावरचं नावही तसंच. बढती काही मिळाली नाही.

अक्का निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही, मराठी विभागाला कुलूप लागलं आणि त्या बॅजची जबाबदारी ग्रंथालयाकडं, म्हणजे माझ्याकडं आली. मग एक दिवस महानंदाचा फोन आला. अक्का दवाखान्यात होत्या.

मी गेलो तेव्हा तरणा डॉक्टर गोंधळून उभा होता. आदल्या दिवसापर्यंत ज्या बाई त्याच्याशी सुंदर कन्नड बोलत होत्या, त्या आज म्हणत होत्या, "मला कन्नड येत न्हाई. दुभाषी बोलवा." महानंदा पुढं झाली. अक्कांनी तिला हातानं थांबवलं. "तू न्हाई. बोर्डावर मोरे सरांचं नाव हाय की."

बी. व्ही. आले. हातात हेल्मेट, शर्ट चुरगळलेला. डॉक्टरांनी कन्नडमध्ये सांगितलं: रोग सगळीकडं पसरला आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही, आता फक्त दुखणं कमी करायची औषधं. घरी न्यायचं असेल तर न्या. आम्हां सगळ्यांना कळलं. अक्कांना तर आमच्या आधी. तरी त्या सरांकडं बघत राहिल्या.

सर खाली बघत म्हणाले, "अक्का, डॉक्टर म्हणायलेत, औषध चालू हाय. घरी गेलात तरी चालतंय. आराम करा, होईल बरं."

"नापास," अक्का म्हणाल्या.

सरांनी हातातलं हेल्मेट खाली ठेवलं.

"माझ्या आईला बी एकानं असंच सांगितलं होतं. परत सांग."

सरांनी खाटेचा गज धरला आणि सांगितलं. पसरलाय. ऑपरेशनचा उपयोग न्हाई. दुखणं कमी करायची औषधं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. ठाणाकुशनूरच्या मराठीत.

"विचार त्यांना, किती दिवस."

त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं. सरांनी डोळे पुसले. "म्हणायलेत, नक्की सांगता येत न्हाई. पण दिवाळी दिसायची न्हाई."

"हां," अक्का म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कसलं तरी समाधान होतं, "आता तेच सांगितलंस."

"मग अक्का, पास का?" सरांनी विचारलं. लहान पोरासारखं विचारलं, आणि मला क्षणभर त्यांची दया आली. क्षणभरच.

"उद्या ये," अक्का म्हणाल्या. "एकदा बरोबर सांगितलं म्हणून मी पास करीत न्हाई. पोरींना बी केलं न्हाई."

ते दुसऱ्या दिवशी आले. मग रोज आले. अक्का त्या खोलीत पुन्हा कधी कन्नड बोलल्या नाहीत. रोज डॉक्टरांच्या फेरीला बी. व्ही. हजर, रोज तीच वाईट बातमी मराठीत सांगायची, आणि रोज संध्याकाळी "उद्या ये". मी अक्कांना शेवटचं बघितलं ते दारातून. डॉक्टर सांगत होते, सर स्टुलावर बसून अक्कांच्या कानाशी वाकले होते. अक्कांचे डोळे मिटलेले. मधेच त्यांनी चादरीवरचं एक बोट उचललं, वर्गात शब्द चुकला की उचलायच्या तसं. सर थांबले, मागं गेले, आणि ते वाक्य पुन्हा सुरू केलं.

शोकसभेनंतर बी. व्ही. ग्रंथालयात आले. माझ्या संगणकावर तो बॅज उघडाच होता, मी अधूनमधून बघत असतो. रिकामा रकाना त्यांनी बघितला. ऐकणारा परीक्षक आता मीच, आणि त्यांनी सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं होतं. चार ओळी लिहायच्या, बस्स. सर टेबलाला धरून उभे राहिले. मराठीतच बोलले.

"अण्णा, जाताना अक्का माझ्याबद्दल काही म्हणाल्या का?"

त्यांना काय ऐकायचंय ते मला दिसत होतं. ते सांगणं काही अवघड नव्हतं.

"व्हय," मी म्हटलं. "उद्या ये म्हणाल्या."